साइड

२ ऑगस्ट २०१६ ला मंगळवार होता आणि दिव्यांची आवस होती. बायकोनं दुपारीच समई, निरांजनं, माळ्यावरचा जुना लामणदिवा असं सगळं काढून चिंचेनं घासलं होतं आणि पाटावर ओळीनं मांडलं होतं. बाहेर पाऊस असा की ओटीवरून समोरचं खाचर दिसत नव्हतं. लावणी आठ दिवसांपूर्वी उरकली होती, त्यामुळं पावसाबद्दल तक्रार नव्हती. बांध फुटू नये एवढंच देवाकडं मागणं. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, सावित्रीपासून मैलभर वर. एरवी नदी घरात ऐकू येत नाही. त्या रात्री जेवून अंथरुणावर पडलो तरी कानात नदीच होती.

साडेबाराच्या पुढं मोबाइल वाजला. उस्तादाचा फोन.

"झोपलास काय रं?"

"नाय उस्ताद, बोला."

"महाडचा पूल गेला."

आमच्याकडं पावसाळ्यात पूल गेला म्हणजे पाण्याखाली गेला, असाच अर्थ आम्ही घेतो. मी म्हटलं, "उतरंल पाणी सकाळपर्यंत. गाडी बाजूला लावा आणि झोपा."

"उतरून काय दिसणार हाय? पूलच न्हाय. मोडून गेला. वरच्या गाड्या गेल्या. एसटी पण गेली म्हणतात."

मग बराच वेळ तो काही बोलला नाही. फोनमधून पाऊस ऐकू येत होता, आणि कुणीतरी लांबून ओरडत होतं. नंतर म्हणाला, "एका एसटीला मीच साइड दिली होती रं."

उस्ताद म्हणजे कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १९७७ साली मी दहावी पास झालो. पुढं शिकायला महाडला राहायला हवं होतं, तेवढी घरची ऐपत नव्हती. तेव्हा खेड तालुक्यातला एक ड्रायव्हर आमच्या फाट्यावर चहाला थांबायचा. माझ्याहून पाचच वर्षांनी मोठा, म्हणजे बावीस वर्षांचा पोरगाच तो. पण टाटा बाराशे दहा चालवायचा, म्हणून माझ्या लेखी विमान चालवणारा. त्याच्या गाडीवर मी क्लीनर म्हणून चढलो आणि पाच वर्षं राहिलो. त्याला तोंडावर 'उस्ताद, तुम्ही' म्हणायचं. पाठीमागं मात्र आम्ही सगळे क्लीनर 'उस्ताद आला, उस्ताद गेला' असंच बोलायचो. इथंही तसंच लिहितोय. त्याला राग येणार नाही.

मंगलोरी कौलं, आंब्याच्या पेट्या, कधी चिरे, असा माल घेऊन आम्ही मुंबई-गोवा रस्त्यानं वर-खाली करायचो. तेव्हा त्याला नॅशनल हायवे सतरा म्हणायचे. आता सहासष्ट म्हणतात. नंबर बदलला, खड्डे तेच. वडील गेले तेव्हा मी गाडी सोडून शेतीला लागलो. उस्तादानं पुढं कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला आणि एकसष्ट वर्षांचा झाला तरी तो स्वतःच चालवत होता.

उस्तादाचे पुलावरचे नियम होते. पूल आला की रेस कमी करायची, पण पुलावर गिअर बदलायचा नाही. होता होईतो ब्रेक मारायचा नाही. पुढं भरलेली गाडी असेल तर ती पलीकडं उतरू द्यायची, मग आपली घालायची. ही अक्कल त्याला कुणी शिकवली माहीत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना वजनाच्या पाट्या असतात, त्या आमच्या धंद्यात कुणी वाचत नाही. नऊ टनांच्या गाडीत बारा टन भरणाऱ्यानं वाचावं तरी कशाला? पण उस्ताद म्हणायचा, रस्ता सरकारचा असतो, पूल नदीचा असतो. पूल ओलांडताना मी खिडकीतून चार आणे नदीत टाकायचे, हाही नियमच. एकदा चार आणे वाचवायला मी नुसताच हात बाहेर काढला, तर त्यानं पुढच्या फाट्यावर मला चहा दिला नाही.

महाडच्या अलीकडचा सावित्रीवरचा तो पूल १९२८ चा, इंग्रज आमदानीतला. दगडी, कमानींचा. पूल व्हायच्या आधी आमच्या भागातलं येणं-जाणं मुख्यतः पाण्यावरून. मुंबईहून बोट निघायची ती बाणकोट, दाभोळ, जयगड करत खाली जायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला आले तेसुद्धा बोटीनंच; हरिहरेश्वर करून, खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून महाडला. म्हणजे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्याच साली हा पूल उभा राहिला. आमचे आजोबा सांगायचे की पूल झाल्यावर माणसं खास बघायला जायची आणि पलीकडं जाऊन परत यायची. काम काही नाही. नदी न भिजता ओलांडली, याचंच अप्रूप.

पाण्यावरचा प्रवास कोकण्यांना काय किमतीला पडला होता, ते रामदास बोटीनं दाखवलं. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तीही आषाढातली आवसच. आमच्या आजीनं त्यानंतर कुणालाही पावसाळ्यात बोटीनं जाऊ दिलं नाही. 'गाडीनं जा, रस्त्यानं जा, उशिरा पोच पण जमिनीवरून जा,' असं ती म्हणायची. जमिनीवरून जाताना मधे पूल लागतात, हे तिच्या हिशेबात नव्हतं. आमच्याही नव्हतं.

कमानीचा पूल कसा उभा राहतो ते मला उस्तादानं नाही, आमच्या गावच्या पाथरवटानं विहिरीच्या कमानीवरून समजावलं होतं. कमानीत दगड एकमेकांना रेटून उभे असतात. वरून ओझं आलं की ते आणखी घट्ट बसतात. म्हणून भरलेल्या ट्रकची अशा पुलाला मोठीशी भीती नसते. शंभर वर्षं काढतो तो. त्याची भीती खालून. पायाखालची वाळू-माती पाण्यानं ओढून नेली, सांध्यातला चुना धुऊन गेला, नाहीतर सांध्यात झाड रुजलं, की एक दगड सैल होतो. आणि कमानीत एक दगड सैल झाला तर रेटायचं कुणी कुणाला?

झाड रुजलेलं मी पाहिलेलं आहे. ड्रायव्हर पुलावरून जातो, क्लीनर पुलाखाली जातो. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पाण्याचा डबा घेऊन नदीवर उतरायचं काम माझं. त्या पुलाखाली मी कितीतरी वेळा डबा भरला असेल. वर मान केली की कमानीच्या काळ्या दगडांत हिरवी टिकली दिसायची. पिंपळ. शेतकऱ्याच्या पोराला ते लगेच कळतं. गडग्यात पिंपळाचं रोप दिसलं की आम्ही तो हातभर व्हायच्या आत मुळासकट उपटतो, कारण दोन पावसाळे गेले की तो गडगा आपला राहत नाही, पिंपळाचा होतो. हे सगळं माहीत असून मी डबा भरून वर यायचो आणि गाडीत बसायचो. सांगणार कुणाला? आणि सतरा-अठरा वर्षांच्या क्लीनरचं ऐकणार कोण? ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर ती रोपं कितीदा काढली गेली असतील आणि कितीदा परत आली असतील. मी त्याच पिंपळानं पूल पडला असं म्हणत नाही. मी बघितलं होतं आणि गप्प बसलो होतो, एवढंच सांगतोय.

पुढं त्या जुन्या पुलाच्या शेजारी नवा पूल झाला. मग नव्यावरून गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या आणि जुन्यावरून मुंबईकडं जाणाऱ्या, अशी वाटणी झाली. म्हातारा आणि तरणा बैल एकाच जुवाला जुंपल्यासारखे दोघं शेजारी उभे होते.

आता त्या रात्रीचं. उस्तादानं लोट्याच्या एमआयडीसीतून पिंपं भरली होती, तळोज्याला टाकायची होती. कशेडी घाट त्या पावसात म्हणजे अंगावर काटा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवायची आणि तशीच उतरवायची. घाट उतरताना मागं एसटी लागली. डिपर देत होती. उस्ताद म्हणाला, "एसटीवाल्याला टाइम असतो, आपल्याला काय." जरा रुंद जागा आली तशी त्यानं गाडी डावीकडं दाबली आणि हात बाहेर काढून जा म्हणून खूण केली. एसटी पुढं निघाली. जाताना तिच्या ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. आमच्या रस्त्यावर याला आभार म्हणतात. पावसात पाटी वाचता आली नाही. मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. केबिनमधल्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

पोलादपूरच्या अलीकडं ताडपत्रीची दोरी सुटून फडफडायला लागली. क्लीनर हौद्यावर चढला आणि दोरी बांधायला त्याला पाऊण तास लागला. नवीन पोरगा, वर पाऊस. उस्तादानं त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्या पोराला पुढं उस्तादानं लग्नाला पाच हजार रुपये दिले, ते त्या दोरीपायी.

पुलाच्या अलीकडं कुणीतरी बॅटरी हलवत रस्त्यात आडवं उभं होतं. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाला गाडी दिसता दिसता नाहीशी झालेली दिसली आणि त्यानं धावत येऊन गाड्या थांबवल्या, हे नंतर सगळ्या पेपरांत आलं. अशा माणसांमुळं किती जण वाचले याची मोजदाद कुठंच नाही, कारण वाचलेल्यांची यादी कुणी करत नाही. ट्रकवाल्यांनी मग दोन गाड्या रस्त्यावर आडव्या लावल्या, पार्किंगचे दिवे चालू ठेवले. पाठोपाठ एसट्या, मोटारी येऊन थांबायला लागल्या. उस्ताद खाली उतरून पुढं गेला. हेडलाइटच्या उजेडात रस्ता सरळ जात होता आणि मग नव्हता. खाली नदी होती, पण ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. एका एसटीचा कंडक्टर पुढं गेलेल्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावत होता. पुन्हा लावायचा, पुन्हा कानाला धरायचा. उस्ताद म्हणाला, "त्यो फोन लावायचा थांबेल म्हणून मी वाट बघत होतो, थांबलाच न्हाय. मग मी तुला लावला."

सकाळी मी मिळेल त्या गाडीनं गेलो. पोलिसांनी लांबच अडवलं. रांगेत शंभरेक ट्रक असतील. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसट्या आणि एक तवेरा गेली, हे तोवर नक्की झालं होतं. चाळीसेक माणसं. दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यातच.

टपरीवर ड्रायव्हर लोक उभे होते. चहा हातात, पण कुणी पीत नव्हतं. आणि प्रत्येकाला काहीतरी आधीच माहीत होतं. एक म्हणाला, "मला चार दिवसांपूर्वीच गाडी हलल्यासारखी वाटली होती." दुसरा म्हणाला, "मी तर जुन्या पुलावर श्वास धरूनच गाडी घालायचो." वाळू उपशावर एकानं खापर फोडलं, एकानं अवजड कंटेनरवर, एकानं आवसेवर. इंग्रजांनी विलायतेतून पत्र पाठवून पुलाची मुदत संपल्याचं कळवलं होतं, असंही एकजण छातीठोक सांगत होता. हे पत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या पुलाच्या नावानं येतं. पत्र बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. मला त्या बोलण्याचा राग आला नाही. माणूस मेल्यावर शेजारी म्हणतातच, दोन दिवस चेहरा उतरलेला दिसत होता. आपल्याला कळलं होतं असं म्हटलं की जरा धीर येतो, पुढच्या वेळी पण कळेल असं वाटतं.

उस्तादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय पण जाणवलं नव्हतं. परवा गेलो तवाबी न्हाय. लोखंडी पूल खडखडतो, सिमेटच्या पुलाला सांधे असतात, चाक धडधडतं. त्यातनं कळतं काय ते. दगडी पूल मुका. तो कायच बोलत न्हाय." टपरीवर मग कुणी काही बोललं नाही.

पाऊस महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळला आणि त्या पुराच्या दाबानं पूल गेला, असं सरकारकडून सांगण्यात आलं. ते खोटं म्हणता येणार नाही. सावित्री महाबळेश्वरातच उगम पावते आणि तिथला पाऊस आमच्या दारातून जातो. शिवाय आवसेची रात्र. आवस-पुनवेला आमच्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमाराला लागते. खाली खाडीत उधाण असलं की वरचं पाणी लवकर उतरत नाही, हे महाडकरांना सांगावं लागत नाही. पण मे महिन्यातच पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, हेही विधानसभेत सांगण्यात आलं. हे टपरीवरच्या रेडिओवर लागलं तेव्हा एक म्हातारा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "मे महिन्यात नदीपण धोक्याची नसते." चौकशी आयोग बसला. त्याच ऑक्टोबरात देशभरातल्या पुलांची नोंद ठेवायची नवी पद्धत केंद्र सरकारनं सुरू केली. प्रत्येक पुलाला ओळखक्रमांक आणि तब्येतीप्रमाणे गुण. हे चांगलंच झालं. आमच्या म्हशींच्या कानाला बिल्ले आहेत, पुलांनाही हवेत.

शोध बरेच दिवस चालला. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, आसपासचे पट्टीचे पोहणारे. पाणी गढूळ, ओढ जबर, त्यात सावित्रीत मगरी. तीनशे किलोचा लोहचुंबक क्रेनला बांधून पाण्यात सोडला, गाडी कुठं लागते का बघायला. एसट्या सापडायला आठवड्याच्या वर गेला, आणि सापडल्या त्या पुलापासून फार लांब नव्हत्या. माणसं मात्र लांब गेली. कुणी पार समुद्राकाठी, आंजर्ल्यापर्यंत. काहीजण मिळालेच नाहीत. शंभर किलोमीटरवरच्या वाळूत सापडलेला माणूस त्या रात्री महाडच्या स्टँडवर चहा पिणार होता.

शेजारच्या नव्या पुलावरून दोन्हीकडची वाहतूक सुरू झाली तेव्हा ट्रकवाले कसे जायचे, ते मी बघितलंय. पाऊस असला तरी दोन्ही काचा खाली. क्लीनरच्या बाजूचं दार अर्धवट उघडं, हातानं धरलेलं. रेडिओ बंद. काहीजण क्लीनरला खाली उतरवून पूल चालत पार करायला लावायचे आणि पलीकडं घ्यायचे. यात शहाणपण काही नव्हतं. दार उघडं असून त्या नदीत कोण वाचणार होतं? पण क्लीनर हा कुणाचा तरी पोरगा असतो आणि ड्रायव्हरनं त्याला बापाकडून मागून आणलेला असतो. मलाही उस्तादानं आमच्या वडिलांसमोर बसून मागून घेतलं होतं.

सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, उस्ताद आमच्या घरी आला. जेवला. मग खिशातून कागद काढला. त्यावर त्यानं काही वेळा लिहिल्या होत्या. म्हणाला, "तू दहावी शिकलेला हाईस. मला एक हिशेब करून दे."

हिशेब असा. साइड दिली तेव्हा अकराला दहा कमी. तिथून पोलादपूर दहा मिनिटं. पोलादपूर ते पूल वीस-पंचवीस मिनिटं, त्या पावसात. पूल पडला साडेअकराच्या आसपास. तर ती एसटी पुलावर किती वाजता आली असेल?

मी खताच्या पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. एसटी पोलादपूरला न थांबता गेली असेल तर पूल पडायच्या पाच-दहा मिनिटं आधी ती पार झाली. थांबली असेल, पाच-सात मिनिटं जरी, तर नाही. त्या रात्री त्या रस्त्यावर दोनच एसट्या नव्हत्या, पुढं गेलेल्याही होत्या. शिवाय साडेअकराच्या 'आसपास' याचा अर्थ काय धरायचा? तीनदा मांडला, तीनदा दोन्हीकडं उत्तर आलं. दहावीला गणितात मला एकशे पन्नासपैकी चौऱ्याण्णव होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी म्हटलं, "उस्ताद, ती गाडी पार झाली. वेळ जुळत नाही."

"पोलादपूरला थांबली न्हाय कशावरून?"

"आवसेच्या रात्री, एवढ्या पावसात कोण चढणार?"

रातराणी पोलादपूरला थांबते. हे मला माहीत होतं आणि त्याला माझ्याहून जास्त. चाळीस वर्षं तो त्या स्टँडसमोर चहा प्यायला होता. त्यानं पावती घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, "असंल." मग म्हणाला, "साइड नसती दिली तर घाटात माझ्या मागंच राहिली असती. माझ्या मागं दोरी बांधेपर्यंत थांबली असती."

मी म्हटलं, दोरीच्या वेळी पुढं गेली असतीच की. तर म्हणाला, "ते तू लिहिलेलं न्हाईस कागदावर."

पुढच्या साली ५ जूनला नवा पूल सुरू झाला. एकशे पासष्ट दिवसांत बांधला. दोनशे एकोणचाळीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. काम चांगलं आहे, त्यावरून गेल्यावर कळतं. अर्थात, दगडी पुलावरूनही आम्हाला चांगलंच कळत होतं. उस्तादानं त्याआधीच, दिवाळीत, ट्रक विकला होता. लोकांना कारण सांगितलं डोळ्यांचं.

१४ ऑगस्ट २०१८ ला इटलीत जिनोआ शहरातला हायवेचा पूल पडला. तोही पावसात, पण भर दिवसा. त्रेचाळीस माणसं गेली. मोरांडी नावाच्या इंजिनिअरनं बांधलेला, सिमेंटचा, पन्नासेक वर्षांचा. पेपरात त्याचा फोटो आला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. तुटलेल्या कडेपासून थोडक्या अंतरावर एक हिरवा ट्रक उभा. पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाच्या सुट्टीला मी उस्तादाकडं गेलो होतो. त्यानं तो फोटो नीट कापून ठेवला होता. त्याचा नातू मोबाइलवरून वाचून दाखवत होता, की ट्रकचा ड्रायव्हर वाचला, गाडी तशीच सोडून मागं पळाला, वायपर चालूच राहिले होते. आणि कशानं वाचला, तर एका मोटारीनं त्याला ओव्हरटेक केलं म्हणून त्यानं वेग कमी केला होता.

उस्तादानं ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे त्यानं साइड दिली," तो म्हणाला.

नातू म्हणाला, "तिकडं तसं नसतं आजोबा, तिकडं लेन असतात."

"असूदे. ती मोटार कुठाय?"

नातू मोबाइल खाली-वर करत राहिला. उस्ताद फोटोकडं बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "त्यो परत गाडी चालवतो का, तेवढं बघ त्यात." एवढ्या मोठ्या बातमीत त्याला इंजिनिअरचं, सरकारचं, दंडाचं काहीच नको होतं. तो फोटो अजून त्याच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेला आहे. कागद पिवळा पडलाय. हिरवा ट्रक आता मातकट दिसतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या डोळ्यांचं खरंच बघायला हवं झालं, म्हणून त्याला घेऊन मी महाडला निघालो. पोलादपुरातून एसटी धरली. खिडकीची जागा मी त्याला दिली. एसटी थांबली होती ती साताठ मिनिटं, शेंगदाणेवाला चढला-उतरला तोवर. आम्ही दोघांनीही घड्याळ बघितलं आणि दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं.

पूल आला तेव्हा मागं एक भरलेला ट्रक लागला होता. वर नवी ताडपत्री. दोन-तीनदा भोंगा वाजवला. सोळा मीटर रुंदीच्या पुलावर जागेला तोटा नाही, आमच्या ड्रायव्हरनं डावीकडं घेतलं आणि ट्रक बाजूनं निघाला. उस्तादानं खिशातून रुपया काढून नदीत टाकला. मग मान पुढं काढून तो ट्रक बघत राहिला, पलीकडं उतरून डांबराच्या रस्त्याला लागेपर्यंत.

"पोचला," म्हणाला, आणि काच वर घेतली.